कमावलेले कातडे, चावरी वहाण

नवी कोल्हापुरी वहाण चावते, ही तक्रार मराठी घरांत इतकी जुनी आहे की तिला आता तक्रार म्हणून कोणी ऐकूनही घेत नाही. दुकानदार वहाणा कागदात गुंडाळतानाच बजावतो, ‘आठ दिवस घरातल्या घरात घाला, रात्री तेल लावून ठेवा, मग बाहेर काढा.’ मग घरोघरी ठरलेला क्रम सुरू होतो. एरंडेल, नाही तर खोबरेल, कापसाच्या बोळ्यावर घेऊन अंगठ्याच्या बेचक्यात येणाऱ्या पट्टीला चोळायचे. दोन्ही बाजूंच्या कानांना आतून लावायचे. जुन्या फडक्यात गुंडाळून वहाणा रात्रभर कोपऱ्यात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सोप्यात दहा-पंधरा मिनिटे फेऱ्या मारायच्या. फोड आला की हळद-तेल. उन्हात ठेवायच्या नाहीत, पाण्यात घालायच्या नाहीत. आणि पंधरवड्याने कधीतरी लक्षात येते, की आज वहाण पायात आहे याचा आपल्याला विसर पडला होता. त्या दिवशी वहाण ‘बसली’ असे म्हणायचे.

या किरकोळ घरगुती खटाटोपाला इतिहास असेल, असे आम्हाला बरेच दिवस वाटले नव्हते. त्याकडे लक्ष गेले ते शब्दांमुळे. नवी वहाण चावते, लागते, करकरते. तिला तेल पाजावे लागते आणि ती ते ‘पिते’. पुढे ती रुळते, पायात बसते. यांतले चावणे, पिणे, रुळणे, बसणे हे सारे शब्द जनावराला, किंवा सासरी नव्याने आलेल्या मुलीला लावावेत असे आहेत. मेलेल्या जनावराच्या कातड्याविषयी बोलताना भाषा ते जिवंत असल्यासारखी बोलते. याच मालिकेत एक शब्द मात्र आपण घरात वापरत नाही, कारण ते काम आपल्या घरात होत नाही. तो शब्द म्हणजे ‘कमावणे’.

कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करण्याच्या क्रियेला मराठीत रूढ असलेला शब्द ‘कातडे कमावणे’ हाच आहे. गवई आवाज कमावतो, पैलवान शरीर कमावतो, संसारी माणूस पैसा कमावतो आणि ढोर कातडे कमावतो. मूळच्या कच्च्या वस्तूवर दीर्घकाळ, रोज, कष्टाने संस्कार करून तिला उपयोगाला आणणे, हा या साऱ्यांतला समान अर्थ. फरक इतकाच, की आवाज ज्याने कमावला त्याचाच राहतो, शरीरही त्याचेच राहते. कातडे मात्र एकाने कमवायचे आणि ते दुसऱ्याच्या पायात जायचे. नव्या वहाणेला आपण घरी तेल लावतो तेव्हा या कमावण्याच्या कामाचा अगदी शेवटचा, सर्वांत सोपा आणि स्वच्छ भाग आपल्या वाट्याला आलेला असतो. त्याआधीचे भाग कुठे, कोणी आणि कशाच्या मोबदल्यात केले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आधी वहाण चावते का, ते पाहू. कोल्हापुरीचे चामडे परंपरेने वनस्पतींच्या रसात कमावलेले असते. कातडे चुन्यात ठेवून त्याचे केस सैल करायचे, ते आणि आतले मांस खरवडून काढायचे, पुन्हा पुन्हा धुवायचे. मग त्याची पिशवी शिवून ती टांगायची आणि तीत बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरायचे. हे पाणी कातड्यातून हळूहळू झिरपते. खाली गळलेले पुन्हा वर ओतायचे. दिवसांमागून दिवस हे चालते. साल आणि हिरडा यांतली तुरट द्रव्ये कातड्याच्या तंतूंना धरून बसतात, तंतूंमधल्या पोकळ्या भरतात, आणि कातडे कुजण्याचे थांबते. असे चामडे घट्ट, भरीव व ताठर होते. दाबले तर दबते, दबलेला आकार धरून ठेवते. पण त्याला दाबायला वेळ लागतो. तळासाठी म्हशीचे जाड चामडे, वरच्या वेण्यांसाठी बहुधा शेळीचे पातळ. परंपरागत जोडात खिळा नसतो. थरावर थर ठेवून ते चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. म्हणजे पायाला सामावून घेण्यासाठी या वस्तूत अस्तर नाही, गादी नाही, फक्त चामडे आहे. तेलाने तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. पायाची ऊब, घाम आणि वजन यांनी तळावर टाचेचा आणि बोटांचा खळगा उमटतो. चावणे हा या चामड्याचा दोष म्हणता येणार नाही. पायाचा ठसा धरून ठेवण्याचा जो त्याचा गुण, त्याचीच ती पहिल्या पंधरवड्यातली बाजू आहे.

आता हे काम करणाऱ्यांकडे वळू. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. जुन्या गावातल्या कारूनारूंची कामे आणि त्यांचे हक्क यांविषयी मराठी वाचक अजूनही त्याच पुस्तकाकडे वळतो. चामड्याच्या बाबतीत ही साखळी लांब होती. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे, त्याच्या वहाणा करण्याचे आणि त्या सांधण्याचे चांभारांकडे. मोबदला रोख नव्हता. सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य हे बलुते. या साखळीतली प्रत्येक कडी दुसरीपासून जातीने वेगळी आणि साऱ्या मिळून गावापासून वेगळ्या. कमावण्याच्या कुंडांना पाणी लागे, वास येई, म्हणून त्यांची जागा वस्तीबाहेर असे, हे कारण दिले जाते. ते खोटे नाही, पण पुरेसे नाही. वास कुंडाला होता. विटाळ मात्र माणसाला चिकटवला गेला, आणि माणूस कुंडापासून दूर गेल्यावरही तो चिकटून राहिला.

हा विटाळ सोयीने चालत असे. विहिरीवरची मोट चामड्याची होती, आणि तिने काढलेल्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला स्वयंपाकघरात जात होता. देवळातला मृदंग चामड्याने मढवलेला होता. पूजेच्या वेळी मृगाजिन चालत असे. पाणी, नाद आणि तप यांसाठी चामडे शुद्ध होते. ते कमावणारे हात शुद्ध नव्हते.

या व्यवस्थेला धक्के बसले ते दोन बाजूंनी. एक धक्का माणसांनी दिला. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. पुढच्या काळात अनेक गावांतल्या महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे कामही नाकारले, आणि त्यासाठी गावांचे बहिष्कार सोसले. कातड्याची साखळी पहिल्या कडीपाशी तुटली, आणि ती तोडण्यात एका समाजाची सुटका होती. ‘पारंपरिक हस्तकलेचा ऱ्हास’ अशा शीर्षकाखाली आपण जे हळहळत लिहितो, त्यात हा भाग क्वचितच येतो. कला टिकावी असे म्हणताना ती टिकवण्याचे काम कोणाच्या मुलांनी करत राहावे असे आपल्याला वाटते, हे सांगण्याचे आपण टाळतो.

दुसरा धक्का रसायनशास्त्राने दिला. न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ साली क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. साल आणि हिरडा जे काम कित्येक दिवसांत करीत, ते क्रोम थोडक्या वेळात करू लागले. आणि हे चामडे मुळातच मऊ, लवचिक, पाण्याला अधिक टिकणारे निघे. हिंदुस्थानात मद्रासच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १९०३ च्या सुमारास या पद्धतीचे प्रयोग केले. त्यांच्यासमोरचा एक मोठा उपयोग बूट किंवा पिशव्यांचा नव्हता. तो होता विहिरीवरच्या मोटेचा, कारण जुन्या पद्धतीचे चामडे सतत पाण्यात राहून लवकर कुजे. पुढे इंजिने आणि विजेचे पंप आले आणि मोटच गेली. क्रोमचे चामडे मात्र बूट, पट्टे, पिशव्या, जाकिटे यांत शिरले. आज दुकानात घातल्या घातल्या अंगाला बिलगणारे जे मऊ जाकीट मिळते, ते बहुधा याच रसायनाची कृपा असते. मऊपणा आता वस्तूबरोबर विकत मिळतो. तो घरी आणून कमवावा लागत नाही.

कोल्हापुरी वहाण या बदलात मागे राहिली, आणि मागे राहिल्यामुळेच ती पुढे ‘अस्सल’ ठरली. एके काळी साऱ्याच वहाणा चावत असत. इतर पादत्राणे चावेनाशी झाली तेव्हा हिचे चावणे वेगळे दिसू लागले. कोणी त्याला दोष म्हटले, कोणी अस्सलपणाची खूण. १९७० च्या दशकात ती पाश्चात्त्य तरुणांच्या पायांतही दिसू लागली. विद्यापीठांतल्या झब्बा आणि शबनम पिशवीवाल्या मंडळींनी तर तिला जवळजवळ गणवेशाचा भाग केले. आम्हीही त्यांतलेच. जाड तळाच्या वहाणा करकरवत ग्रंथालयात शिरण्यात आम्हाला मातीशी नाते जोडल्याचे समाधान मिळे. ती माती कोणाच्या हाताला लागलेली आहे, हा प्रश्न तेव्हा मनात आला नव्हता.

साहित्याच्या अभ्यासकाने तो विचारायला हवा होता, कारण आपल्या वाङ्मयीन परंपरेत पादत्राणांची कमतरता नाही. ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’पासून आलेला, कोल्हापूरकडचे ‘पायताण’ हे ‘पादत्राण’ या शब्दाचे घरगुती रूप. रामाच्या पादुका सिंहासनावर बसल्या. आषाढीला संतांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला जातात. पण मान मिळालेल्या या पादुका सहसा लाकडाच्या किंवा चांदीच्या असतात. चामड्याच्या वहाणेचा उल्लेख आपल्या म्हणींत येतो तो उतरंड दाखवण्यासाठी: ‘पायातली वहाण पायातच बरी.’ ही म्हण कोणाकोणाला उद्देशून वापरली जात आली, हे सांगायला नको.

याला अपवाद असलेली एक कथा आपल्या शेजारी आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, हरळय्या नावाचा चर्मकार शरण होता. कथा अशी सांगतात, की त्याने बसवण्णांना ‘शरणु’ म्हणून नमस्कार केला आणि बसवण्णांनी उलट दोनदा नमस्कार केला. हा एका नमस्काराचा अधिकचा भार फेडायचा कसा, या विवंचनेत हरळय्या आणि त्याची पत्नी कल्याणम्मा यांनी आपापल्या मांडीचे कातडे काढून त्याच्या वहाणा केल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, डोक्यावर घेतल्या. पुढे हरळय्याच्या मुलाचा विवाह मूळच्या ब्राह्मण असलेल्या मधुवरसाच्या मुलीशी झाला, आणि बिज्जल राजाने दोन्ही बापांना मृत्युदंड दिला, असे परंपरा सांगते. कातडे कमावणारा ढोर समाजही आपले नाते कक्कय्या या शरणाशी सांगतो. उत्तरेकडच्या रोहिदासांच्या कथेत गंगा प्रकट होते ती चामडे भिजवण्याच्या कठवतीत. कडक चामडे काम करण्याजोगे व्हावे म्हणून ज्या पाण्यात भिजवायचे, तेच पाणी तीर्थ होते. या कथा ज्यांनी रचल्या आणि जपल्या त्यांना चामडे मऊ करणे म्हणजे काय, हे ठाऊक होते.

मराठीत या कथेची एक सावली उरली आहे. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी तुमचे उपकार फिटणार नाहीत’, असे आपण सहज म्हणून जातो. या वाक्प्रचाराचा उगम हरळय्याच्या कथेतच आहे असा आमचा दावा नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट दिसते. कथेत कातडे देणारा चर्मकार आहे आणि देणे खरोखरीचे आहे. वाक्प्रचारात बोलणारा कोणीही आहे, आणि देणे केवळ बोलण्यातले. ज्याने आयुष्यभर आपल्यासाठी जोडे केले, त्याला उद्देशून मात्र हे वाक्य उच्चारलेले आमच्या ऐकिवात नाही.

येथे आमच्या घरची एक आठवण नोंदवावीशी वाटते. १९६० च्या दशकात आमच्या गावी आजोबांच्या वहाणा मापाच्या असत. दिवाळीच्या आधी वहाणा करणारे गृहस्थ येत, ओसरीच्या पायरीखाली बसत. आजोबा वरच्या पायरीवर उभे राहून पाय पुढे करीत. ते दोरीने पंजाचे माप घेत, अंगठ्याशेजारचे हाड बोटाने चाचपून पाहत. आजोबांच्या उजव्या पायाचे ते हाड किंचित बाहेर आलेले होते, हे घरात आजीखालोखाल त्यांनाच माहीत असावे. काम झाल्यावर आजी वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतत असे. पाय त्यांच्या हाताला चालत होता, भांडे चालत नव्हते. आम्हा मुलांना यात काही विसंगत वाटत नसे. वहाणा आल्या की त्यांना तेल लावण्याचे काम आमच्याकडे येई, तेही ओसरीवरच. आणि हात धुतल्याशिवाय माजघराचा उंबरठा ओलांडायची परवानगी नसे. आठवड्याने ते पुन्हा येत, पायरीखालूनच विचारत, ‘चावत न्हाई न्हवं, तात्या?’ चावत असेल तर तिथेच बसून रापी-आरी काढत, एखादा टाका सैल करत. त्यांचे पहिले नाव आम्हाला आठवते. आडनाव आम्ही कधी विचारले नाही.

आता जो खटाटोप आपण घरी करतो, त्याचा एक भाग तेव्हा त्या माणसाच्या हातात होता, कारण तो पाय ओळखत होता. माप जाऊन नंबर आला, कारागीर पायरीवरून उठून दुकानामागे गेला, आणि वहाण व पाय यांची ओळख करून देण्याचे काम घालणाऱ्याकडे आले. कारागिराच्या बाजूने पाहिले तर पायरीवरून उठणे ही फार मोठी गोष्ट होती. तो काळ परत यावा असे आम्हाला वाटत नाही. वाटते ते एवढेच, की पायरी सुटताना नावही हरवले.

हा मुद्दा जुन्या आठवणींपुरता नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांचे सामाईक आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंद आहे ती दोन्हीकडच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांच्या नावाने. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या फॅशनगृहाने याच घडणीच्या चपला आपल्या सादरीकरणात, मूळ न सांगता, मांडल्या तेव्हा महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. मूळ मान्य केले गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्या संस्थेचा दोन्ही महामंडळांशी करारही झाला. त्या संतापात आम्हीही सामील होतो. ‘आमची कोल्हापुरी’ हे शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होते. या लेखातही आम्ही आरंभापासून ‘आम्ही’ म्हणत आलो आहोत. पण ही वहाण आमची कोणत्या अर्थाने? आम्ही ती घातली, तिला तेल लावले, तिचे चावे सोसले. कमावली दुसऱ्यांनी. श्रेय न देता वस्तू उचलल्याचा जो आरोप मिलानवर केला, तो ओसरीच्या वरच्या पायरीवरून करताना आवाज थोडा खाली आणायला हवा होता.

गेल्या महिन्यात आम्ही कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतून एक जोड घेतला. तो कोणी केला, असे विचारल्यावर दुकानदाराने मान वर करून पाहिले. हा प्रश्न त्याला नेहमीचा नसावा. ‘माल अथणीकडनं येतोय’, तो म्हणाला. नाव त्यालाही सांगता आले नाही. महामंडळाने २०२५ पासून चपलांवर सांकेतिक चौकोन लावण्याची योजना आखली आहे. तो फोनने वाचला की कारागिराचे नाव-गाव कळावे, अशी कल्पना. आमच्या जोडावर तो नव्हता.

सध्या तो जोड खिडकीखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो, आणि रात्री आम्ही त्याला एरंडेल लावतो. चौथ्या दिवशी तेलाचे बोट फिरवताना जाणवले, की डाव्या वहाणेची वेणी उजवीपेक्षा घट्ट विणलेली आहे. या वेण्या बहुधा घरातल्या बायका विणतात. दोन वेण्या दोघींनी विणल्या असतील, किंवा एकीनेच, मध्ये कशासाठी तरी उठून परत येऊन बसल्यावर. चावते आहे ती डावीच. त्या वेणीला रोज थोडे जास्त तेल लागते.